भुऱ्या शेतात गेला

आमचा भुऱ्या २०२४ च्या मे महिन्यात गेला. आधीच सांगून टाकते.

तेव्हा अकोल्याचा पारा ४५ च्या वर होता. जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हापायी चक्क १४४ कलम लावलं होतं, कामगारांना पाणी-पंखा द्या म्हणून. लेकाला आम्ही दुपारी अंगणात पाऊल टाकू देत नव्हतो. आणि एका लग्नाला जाताना भुऱ्याला मीच अंगणातल्या कडूनिंबाखाली बांधलं. सकाळी तिथे गार सावली असते. दोन तासांत येऊ म्हटलं होतं, पण वरातच दोन तास उशिरा आली. (आमच्याकडची लग्नं तुम्हाला माहीत आहेतच.) परत आलो तेव्हा सावली भिंतीपलीकडे सरकली होती आणि पाण्याचं घमेलं पालथं पडलं होतं. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना, तेवढाच. बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. हवाच भट्टीसारखी असेल तर धापा टाकून तरी काय होणार... हे मी नंतर वाचलं.

लेक सहा वर्षांचा. तो बाबाच्या खांद्यावर झोपला होता. काकांनी रात्रीच भुऱ्याला नेलं आणि अकोट रस्त्यावर, गांधीग्रामच्या अलीकडे आमचं शेत आहे तिथे मीठ घालून पुरलं. सकाळी मी लेकाला म्हटलं, "भुऱ्या शेतात गेला. तिथे गार असतं न." शब्दशः खोटं नव्हतं. हीच तर लबाडी.

चार दिवस ठीक गेले. मग तो रोज जेवताना चतकोर पोळी बाजूला ठेवू लागला. मग काकांना फोन, "भुऱ्याजवळ दे न." काका बिचारे म्हणाले, झोपला आहे. झालं! आता सगळं घरच त्या गोष्टीत अडकलं.

एका रात्री त्याने हळूच विचारलं, "तो माझ्यावर चिडून गेला का? मी त्याची शेपटी ओढली होती."

मला काही सुचेना. सासूबाई बाजूला तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मेला बापू तो. उन्हानं मेला. शेपटी ओढल्यानं कोणी मरत नाही."

मी हादरलेच. तो खूप रडला. मग प्रश्न सुरू झाले. डोळे उघडे होते का? मातीत त्याला गरम होत असेल का? आणि शेवटी, "बांधलं कोणी होतं?"

"मी," म्हटलं.

दोन रात्री तो माझ्याजवळ झोपला नाही, आजीच्या कुशीत झोपला. मीही बोलावलं नाही.

श्रावणात कावड निघाली. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी राजराजेश्वराला येतं, तेव्हा जुन्या शहरात रात्रभर कोणी झोपत नाही. ढोल जयहिंद चौकाजवळ आले की भुऱ्या दिवाणाखाली जाऊन बसायचा, मग सणाची पोळी दाखवली तरी बाहेर येत नसे. या वेळी ढोल ऐकू आले तसा लेक वाकला आणि दिवाणाखाली बघून आला.

"कावड तिकडूनच येते न? आपल्या शेताजवळून?"

"हो."

"मग त्याला आवाज गेला असेल?"

हो म्हणायला किती सोपं होतं! "नाही रे, तो मेला आहे न," मी म्हटलं.

"माहीत आहे मले," तो म्हणाला, आणि आजीचं बोट धरून कावड बघायला रस्त्यावर गेला.