पाबे घाटातून केळदला

भारतातली पहिली ऑप्टिकल फायबर जोडणी पुण्यात झाली, 1979 साली. शहरातली टेलिफोन एक्स्चेंज एकमेकांना जोडण्यासाठी ती टाकली होती. काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाशावर स्वार केलेला संदेश तिच्यातून कित्येक मैल नेता येईल, असं चार्ल्स काओ यांनी 1966 मध्ये मांडलं. 1970 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने तसा तंतू ओढून दाखवला आणि पुढच्या नऊ वर्षांत तो पुण्याच्या रस्त्याखाली होता. आज ऑप्टिकल फायबर केबल मावळातल्या ऊर्से इथे तयार होते आणि काचेचा तंतू छत्रपती संभाजीनगरात ओढला जातो. तरीही याच पुणे जिल्ह्याच्या पश्चिम खोऱ्यांत पावसाळ्यात इंटरनेट आठवडा-आठवडा बंद राहतं आणि ग्रामसेवक स्वतःच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दाखले काढतो.

ग्रामीण फायबरचे मार्ग आखणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. दिवाळी आटोपली की आमचा हंगाम सुरू होतो. भातं निघालेली असतात, साइडपट्टी कोरडी असते, मशीन उभं करता येतं. मे अखेरपर्यंत जे होईल ते होईल, मग पावसात खोदाई बंद. त्यामुळे या अंकासाठी लिहिताना टेबलावर नकाशे पसरलेलेच आहेत. त्यातला एक उलगडून दाखवतो, कारण या कामातलं बरं-वाईट जवळजवळ सगळं त्या एका नकाशात आहे.

नकाशा वेल्ह्याचा आहे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याचा. पुणे-सातारा महामार्गावर नसरापूर फाटा लागतो. तिथून आत वळलं की मार्गासनी आणि मग तोरण्याच्या पायथ्याचं वेल्हे. पुढे रस्ता खोऱ्याच्या टोकाला, मढे घाटाच्या माथ्यावरच्या केळदला जातो. समजा, केबल नसरापूरहून वेल्ह्यापर्यंत आणि तिथून केळदपर्यंत अशी एकाच रेषेत टाकली. कागदावर सगळी गावं जोडली गेली. पण मार्गासनीच्या अलीकडे एखाद्या जेसीबीचा दात केबलला लागला, तर तिथून पुढची गावंच्या गावं एकाच क्षणी अंधारात जातात.

देशातलं पहिलं ग्रामीण जाळं बरंचसं असंच बांधलं गेलं. केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 ऑक्टोबर 2011 रोजी राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्कला मंजुरी दिली. अडीच लाख ग्रामपंचायती दोन वर्षांत जोडायच्या होत्या. पहिल्या एक लाखालाच डिसेंबर 2017 उजाडला. मधल्या काळात योजनेचं नाव ‘भारतनेट’ झालं आणि दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने ‘महानेट’ नावाने आपल्या वाट्याचं काम स्वतःकडे घेतलं. पैसा आणि वेळ वाचवण्यासाठी पहिल्या टप्प्यात तालुक्यापासून पुढे जिथपर्यंत जुनी केबल होती ती वापरली आणि तिच्या टोकापासून गावापर्यंतचा तुकडा नवा जोडला. ग्रामपंचायतीत यंत्र बसलं, दिवा लागला, गाव ‘सेवेसाठी सज्ज’ म्हणून यादीत चढलं. तो दिवा महिन्यात किती दिवस पेटलेला राहिला, हे मोजण्यावर मात्र कधीच भर नव्हता. माझा या क्षेत्रातल्या सगळ्यांशी वाद आहे तो इथे. जोडलेल्या गावांचे आकडे आपण खूप मिरवले. चालू असलेल्या गावांचा आकडा मागायला हवा.

वेल्ह्याचं नशीब असं, की तिथे दुसरी वाट आहे. सिंहगड-पानशेत रस्त्यावरच्या खानापूरहून पाबे घाट चढून उतरलं की माणूस थेट वेल्ह्यात येतो. एक केबल नसरापूरकडून आणि दुसरी पाबे घाटातून आणली, तर पुणे, नसरापूर, वेल्हे, खानापूर आणि परत पुणे असं कडं तयार होतं. आमच्या भाषेत रिंग. नसरापूरच्या बाजूला केबल तुटली की वाहतूक आपोआप पाबे घाटाकडून वळते आणि गावाला पत्ताही लागत नाही. खर्च वाढतो, घाटातली खोदाई जिवावर येते, तरी या तालुक्यात करण्यासारखी गोष्ट हीच आहे. ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये रिंगचं तत्त्व अखेर स्वीकारलं गेलं. 1,39,579 कोटी रुपयांच्या या कार्यक्रमात बांधणाऱ्यानेच पुढची दहा वर्षं देखभाल करायची, अशी अटही आहे. ही अट मला रिंगइतकीच मोलाची वाटते. दहा वर्षं दुरुस्तीला स्वतः यावं लागणार हे माहीत असलेला माणूस चर वेगळ्या पद्धतीने खणतो.

वेल्ह्याच्या पुढे मात्र रिंग संपते. केळद हे टोक आहे. त्यापुढे कडा आणि खाली कोकण. तिथे एकच केबल जाणार. म्हणून तिचा हिशेब जपून करावा लागतो. समजा, गावांना प्रकाश वाटणारं मुख्य यंत्र वेल्ह्यात आहे आणि केळदपर्यंत केबल वीस किलोमीटर भरते. नेहमीच्या जीपॉन पद्धतीत त्या यंत्रापासून गावातल्या यंत्रापर्यंत प्रकाशाचं बळ जास्तीत जास्त 28 डेसिबल घटलेलं चालतं. काचेत दर किलोमीटरला सुमारे 0.35 डेसिबल जातात, म्हणजे वीस किलोमीटरला 7. केबलचं ड्रम साधारण दोन किलोमीटरचं असतं, म्हणून वाटेत दहाएक जॉइंट आले, त्यांचा 1. दोन्ही टोकांच्या कनेक्टरांचे 2. झाले 10. आता एका तंतूतला प्रकाश बत्तीस ठिकाणी वाटणारा स्प्लिटर लावला, तर तो एकटाच साडेसतरा खातो. बेरीज साडेसत्तावीस. निविदेत बसतं, उद्घाटनाच्या दिवशी चालतंही. पण प्रत्येक वेळी केबल तुटली की मध्ये नवा तुकडा घालावा लागतो, म्हणजे दोन जॉइंट वाढतात. अशा चार-पाच दुरुस्त्या झाल्या की सगळी केबल धड असूनही केळदचा दिवा विझतो आणि दोष कुठे आहे हे कोणालाच सापडत नाही. म्हणून टोकाच्या गावांसाठी मी आठच वाटे करणारा स्प्लिटर धरतो. तो साडेदहा घेतो आणि पुढच्या तुटीफुटीसाठी साडेसात डेसिबल हातात राहतात. एका यंत्रावर कमी घरं बसतात म्हणून हिशेब तपासणारे याला उधळपट्टी म्हणतात. केळदला ही उधळपट्टी केलीच पाहिजे.

केबल का तुटते, याची उत्तरं जमिनीत आहेत. नियमाने चर 165 सेंटीमीटर खोल हवा. सह्याद्रीत वितीवर मुरूम आणि हातावर काळा पाषाण लागतो. पोकलेनला ब्रेकर लावून दिवसभर ठोकलं तरी चार-दोन मीटर पुढे सरकतं, अशीही जागा असते. तिथे कमी खोलीला परवानगी मिळते, पण वरून लोखंडी किंवा जाड पाइपाचं कवच आणि काँक्रीट घालायचं या अटीवर. कवच खरंच घातलं की नुसती माती लोटली, हे चर बुजल्यावर कोणाला दिसत नाही. म्हणून चर उघडा असतानाच मोजपट्टी आत धरून फोटो घेण्याचा आग्रह मी कधी सोडत नाही. खांबांवरून केबल नेणं स्वस्त आणि झटपट होतं, हे खरं. पण या पट्ट्यात पावसाळ्यात झाडं पडतात आणि फाल्गुन-चैत्रात डोंगरांना वणवे लागतात. मधल्या एखाद्या टप्प्यासाठी खांब ठीक, सगळा तालुका खांबांवर टांगू नये.

सगळ्यात जास्त केबल तुटते ती मात्र विकासकामांत. 2019 मध्ये जलजीवन मिशन आलं, गावोगाव नळाच्या पाइपलाइनचे चर पडले आणि ते पडले त्याच साइडपट्टीत जिथे आधी फायबर पुरला होता. रस्ता रुंद झाला की साइडपट्टीच रस्त्यात जाते. पाणी हवं, रस्ता हवा, यात दुमत नाही. दुखणं असं, की तीस किलोमीटरच्या एका मार्गावर सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद, वन विभाग, जलसंपदा आणि महामार्ग यांची हद्द लागते, प्रत्येकाकडे वेगळी परवानगी, आणि कोणाच्याही नकाशावर दुसऱ्याची पाइप किंवा केबल नाही. मार्च 2023 पासून खोदण्याआधी कळवण्यासाठी केंद्राचं ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आहे. खोदणाऱ्या विभागाने ते वापरलं तर उपयोग. गावात जेसीबी घेऊन येणाऱ्या चालकाच्या हातात ते अजून पोचलेलं नाही. माझ्या मते पाण्याचा चर पडत असतानाच त्यात केबलची रिकामी नळी टाकायला लावणारा सरळ शासकीय आदेश हवा. खोदाई हा या कामातला सगळ्यात मोठा खर्च, आणि तो आपण एकाच पट्टीवर दोन-दोनदा करतो.

तुटलेली केबल जोडतात कशी, हे बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. आधी तुटीची जागा कळवणारं यंत्र लागतं, ओटीडीआर. ते एका टोकाकडून प्रकाशाचा ठोका सोडतं, परत येणाऱ्या उजेडावरून सांगतं की तूट अकरा किलोमीटर चारशे मीटरवर आहे. पण हे अंतर केबलचं. केबल दर जॉइंटपाशी गुंडाळी करून जास्तीची ठेवलेली असते, ओढा टाळून वळसा घेते. त्यामुळे रस्त्यावर ती जागा नेमकी किती अलीकडे असते, हे ज्याने केबल टाकली त्याच्या रजिस्टरवरून कळतं. रजिस्टर नीट असेल तर खड्डा एकच घ्यावा लागतो. नसेल तर भर पावसात चार खड्डे होतात आणि त्यातल्या एखाद्यात चांगली केबल तुटते.

जागा सापडली की जोडणारा मुलगा गाडीच्या मागच्या भागात ताडपत्री लावून बसतो, कारण धूळ चालत नाही. केबलचं कातडं उतरवून तो आतले तंतू बाहेर काढतो. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी हा बारा रंगांचा क्रम त्याला तोंडपाठ असतो. तंतूवरचं रंगीत आवरण सोलून आतली काच तो अल्कोहोलने पुसतो. ती 125 मायक्रॉन जाडीची आणि प्रकाश जातो तो तिच्या मधल्या फक्त 9 मायक्रॉनच्या गाभ्यातून. क्लीव्हरने टोक काटकोनात छाटतो. पडलेला कपटा बोटाला लावलेल्या चिकटपट्टीवर टिपून घेतो, कारण तो कातडीत शिरला तर दिसत नाही आणि निघत नाही. मग दोन टोकं यंत्रात समोरासमोर येतात, पडद्यावर दोन आडव्या काठ्या दिसतात, ठिणगी पडते आणि काठी एक होते. पडद्यावर घटीचा आकडा येतो: 0.03 डेसिबल. पुढचा तंतू. चोवीस तंतू होईपर्यंत मान वर नाही. हे काम करणारी पोरं बहुतेक आयटीआय झालेली किंवा केबल टीव्हीच्या धंद्यातून आलेली असतात, आणि त्यांना रोजंदारीवर राबवलं जातं. हा मला या क्षेत्रातला सगळ्यात मोठा अन्याय वाटतो.

याच पोरांकडे देखभाल सोपवावी, असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक तालुक्यात केबल टीव्हीवाला आहे. त्याच्याकडे जोडणीचं यंत्र असतं, मोटारसायकल असते, कोणत्या वस्तीवर कोणता खांब पडला हे त्याला जिल्ह्याच्या कार्यालयाआधी कळतं. दूरच्या शहरातून पथक येईपर्यंत तीन दिवस जातात. हा माणूस दुपारपर्यंत पोचतो. ग्रामपंचायतीतल्या यंत्राच्या बॅटरीकडे, सौर पॅनेलवरच्या धुळीकडे तोच बघू शकतो. केबल धड असतानाही अनेक गावं बंद असतात ती वीज नसल्यामुळे, आणि बॅटरी मेलेली असल्यामुळे. त्याला महिन्याचा ठरलेला मोबदला आणि घरोघरी जोडण्या देण्याचा हक्क, हे दोन्ही द्यायला हवेत.

वापर असेल तर दुरुस्ती लवकर होते, हे आपल्याकडे जुनं आहे. 1998 मध्ये वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याभोवतीची सत्तर गावं संगणकाने जोडली गेली होती. ऊस नोंदणी, तोडणीची पाळी, वजन आणि बिल तिथे कळायचं, म्हणून शेतकरी केंद्रावर यायचा. मोठी स्वप्नं त्या प्रकल्पाबद्दल पुष्कळ मांडली गेली, चाललं ते उसाचं काम. केळदला दूध संस्था, आरोग्य उपकेंद्र आणि शाळा यांना पहिल्याच दिवशी जोडणी दिली, तर केबल तुटल्याची ओरड ग्रामसेवकाआधी दूधवाला करेल. जिथे एखाद्या वाडीपर्यंत चर नेणं खरोखर अशक्य आहे, तिथे शेवटचा टप्पा रेडिओने नेता येतो. आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ने पालघर जिल्ह्यातल्या पंचवीस गावांत ते करून दाखवलं आणि 2017 मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत पहिलं बक्षीस घेतलं. पण रेडिओच्या मागे कुठेतरी फायबर लागतोच.

वाचकांपैकी अनेकांचं गाव असंच कुठल्या तरी खोऱ्यात असेल आणि दर 26 जानेवारीला ग्रामसभा असते. तिथे दोन गोष्टी विचारा. गेल्या महिन्यात ग्रामपंचायतीचं इंटरनेट किती दिवस चालू होतं? आणि गावच्या हद्दीतून केबल नेमकी कुठून गेली आहे, त्याचा नकाशा कार्यालयाच्या भिंतीवर आहे का? नसेल तर तो मागणारा ठराव करून घ्या आणि त्याची प्रत गावात खोदणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराच्या हातात द्या.