आतून गंजलेला टेम्पो

मनोरीत गाडीला वरून खारा वारा लागतो, खालून मासळीच्या बर्फाचं गळणारं खारट पाणी. मामा दर पावसाळ्याआधी टेम्पोच्या चॅसिसला काळा रंग मारतो. पण मीठ ओल धरून बसतं ते पत्र्यांच्या जोडात, जिथे ब्रश पोचतच नाही. गंज फुगतो, पत्रे फाकतात. बाहेरून रंग झकास!

अमेरिकेत रस्त्यांवरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात. तिथे पिकअपच्या फ्रेम गंजल्या, लोक कोर्टात गेले, आणि २०१६ मध्ये टोयोटाने त्या बदलून द्यायची तडजोड केली. मामाचा टेम्पो सेकंड हँड.

वेल्डर म्हणतो, पट्टी मारू. मी हातोडीने ठोकून पाहिलं, आवाज बद्द. पट्टी धरायला पत्राच उरलेला नाही. तसं सांगितलं.

"इंजिनिअर ना तू? मग उद्या मासळी भाईंदरला कशात नेऊ, तेही सांग."