बांबू

२५ मार्च २०२० ला सकाळी आमच्या वस्तीच्या तोंडाला बांबू आडवा बांधला. बांधणाऱ्या चौघांत मी होतो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं शहाणपण वाटेल.

वस्तीबाहेर पुलाखाली पारध्यांची वीसेक बिऱ्हाडं. सिग्नलला गजरे, फुगे विकणारी. पाणी आमच्याच नळावरून नेत. करोना आला आणि आम्ही ठरवलं, बाहेरचं कुणी आत नको. तिसऱ्या दिवशी एक बाई दोन कॅन घेऊन बांबूपलीकडे उभी. ‘‘दादा, आत येत न्हाई. हितनंच वता.’’ आमचा एक पोरगा ओरडला, ‘‘लांब हो!’’ नळ चालूच होता. पाणी गटारात चाललेलं.

आठवडाच झाला होता, २० मार्चला त्याच पोरानं मोबाइलवर चवदार तळ्याचा फोटो लावला होता.

आय असती तर तिनं माझ्या थोबाडीत दिली असती. बहात्तरच्या दुष्काळात ती आणि बा मराठवाड्यातून मुंबईत आले. तीन वर्षं रेल्वेच्या भिंतीला प्लास्टिक बांधून काढली. चाळीतल्या बाया तिच्या हंड्याला न शिवता वरून धार सोडायच्या. लहानपणी शंभरदा ऐकलेलं. ऐकून ठाऊक असून मी बांबू बांधला.

जयंतीची वर्गणी जमलेली होती. १४ एप्रिलची मिरवणूक निघणार नव्हती. आम्ही तांदूळ, डाळ, तेल, साबण पिशव्यांत भरून पुलाखाली गेलो. फोटो काढायला एकजण बरोबर. त्या बाईनं पदर तोंडावर ओढला. ‘‘फोटू नगं. आन् ह्ये शिजवू कशावर? राकेल न्हाई, पानी न्हाई.’’

च्यायला, हे आम्हाला सुचलंच नव्हतं.

मग बेघरांत काम करणाऱ्या एका संस्थेला गाठलं. तिथल्या कार्यकर्तीनं हिशोबच मांडला. रोज शिजवलेलं अन्न हवं, पाणी हवं, आणि कागद हवेत. रेशनकार्डाला पत्ता लागतो, पत्त्याला घर लागतं. म्हणजे ज्याला घर नाही त्याच्या पुढ्यातून सरकारी धान्याची गाडी सरळ निघून जाते. लाख वस्तीमागे एक निवारा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० सालीच बजावलं होतं. २०११ च्या जनगणनेत मुंबई सव्वा कोटीच्या घरात. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे. करोना आला तोवर तेवढे उभेच नव्हते. १९८५ चा फुटपाथवाल्यांचा निकाल आपण भाषणांत सांगतो, रोजीरोटी हा जगण्याच्या हक्काचाच भाग म्हणून. त्याच निकालानं फुटपाथवरून हटवायलाही मुभा दिली, हे सांगत नाही.

रोगराई आणि घर यांचं मुंबईत जुनं वैर. १८९६ ला प्लेग आला, १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. आरोग्याच्या नावानं गरिबांची घरं पाडली, मागनं चाळी बांधल्या. परळच्या तसल्याच बी.आय.टी. चाळीत बाबासाहेब वीसेक वर्षं राहिले.

निम्मी वर्गणी संस्थेला द्यायची म्हटल्यावर विहारात भांडण पेटलं. ‘‘आपला पैसा पारध्यांना?’’ हा एक. दुसरा शिकलेला : ‘‘दान ही बामणी कल्पना. आपल्याला हक्क पाहिजे.’’ हक्क पाहिजेच. पण त्या रात्री ती घोषणा थैलीचं तोंड आवळायला बरी पडली. दोस्तहो, तिच्यावर टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. सकाळी नळावर गेलो आणि बांबू दिसला.

शेवटी पैसे दिले. अट एकच, हिशोब विहाराच्या फळ्यावर लागला पाहिजे. आणि दोन पोरं फॉर्म भरायला संस्थेबरोबर जातील. नळाला चाळीस फुटी पाइप लावून टोक पुलाखाली नेलं. सगळ्यांना पटलं नाही. एका रात्री कुणीतरी पाइप कापला. आम्ही जोडला.

बाईचा फॉर्म मीच भरला. पत्त्याच्या रकान्यात लिहिलं, ‘पुलाखाली, तिसरा खांब’. महिन्यानं फॉर्म परत आला, पत्ता अपुरा म्हणून. तिनं कागद घडी करून कनवटीला लावला. म्हणाली, ‘‘पुन्ना भर दादा. ह्या टायमाला तुज्या नळाचा पत्ता घाल.’’