डिपर

कोकणातून आलेल्या माणसाला भर दुपारी दिवे लावून येणारी गाडी दिसली, की त्याचा हात आपोआप वर जातो. पाचही बोटे मिटायची, उघडायची, पुन्हा मिटायची. 'बाबा रे, तुझी लाईट चालू राहिली आहे.' १ एप्रिल २०१७ पासून भारतात नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबरच पेटतो, तो बंद करायला बटणच नसते. तरीही गावी गेलो की रत्नागिरीच्या रस्त्यावर एखादा बुजुर्ग मोटारसायकलवाल्याला अशी खूण करताना आम्हाला दिसतोच. आम्ही तिघे भाऊ कॅनडात आलो तेव्हा पहिल्या आठवड्यात आमचेही हेच झाले. मिसिसॉगाच्या रस्त्यावर समोरून येणारी प्रत्येक गाडी दिवे लावलेली. किती जणांना खुणा करणार?

मग कळले, की इथला कायदाच तसा आहे. १ डिसेंबर १९८९ नंतर बनलेल्या प्रत्येक नव्या गाडीला दिवसाचे दिवे सक्तीचे. ही रीत उत्तरेकडची. फिनलंडने १९७२ मध्ये हिवाळ्यापुरती, गावाबाहेरच्या रस्त्यांवर सुरू केली, स्वीडनने १९७७ मध्ये बारा महिने. शेजारच्या अमेरिकेत मात्र सक्ती नाही, १९९३ पासून नुसती परवानगी. कारण समजायला आम्हाला एक हिवाळा पुरला. डिसेंबरात टोरांटोकडे पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो, आणि दिवसभरही तो माथ्यावर येतच नाही, डोळ्यांच्या रेषेत राहतो. रस्ता राखाडी, आभाळ राखाडी, गाड्याही मिठाने माखून राखाडी. हा दिवा आपल्याला दिसावे म्हणून नाही, आपण दुसऱ्याला दिसावे म्हणून आहे.

आमचे अब्बा हे ऐकून हसले असते. ते ट्रकड्रायव्हर. आंब्याच्या पेट्या भरून रात्री निघायचे आणि पहाटे तेव्हाच्या क्रॉफर्ड मार्केटला पोहोचायचे. परशुराम, भोस्ते, कशेडी, एकामागून एक घाट, रस्ता दोन गाड्यांपुरता. ट्रकच्या मागे 'युज डिपर ॲट नाईट' रंगवलेले असायचे, पण अब्बांना ते वाचून कळलेले नव्हते. समोरून गाडी आली की आपला दिवा खाली, तिचा खाली, दोघे गेले की पुन्हा वर. त्यांच्या लेखी हा सलामच होता. जो डिपर देत नाही तो सलामाचा जवाब देत नाही, असे ते म्हणत. १९७१ च्या युद्धात मुंबईत ब्लॅकआऊट असताना हेडलाईटची वरची अर्धी काच काळी रंगवून गाडी चालवल्याचेही ते सांगत. दिवा कधी लावायचा, कधी झाकायचा, हे माणसाच्या हातात असते, एवढेच त्यांना ठाऊक होते.

आमच्या पिकअपचा दिवा आमच्या हातात नव्हता. आम्ही घरांची डागडुजी करतो. प्लास्टरबोर्ड, फरशा, नळ. त्यासाठी घेतलेला हा अमेरिकी बनावटीचा पिकअप, जुनाच, पण दांडगा. डॅशबोर्डवर, पुढच्या काचेखाली, सुपारीएवढा एक डोळा आहे. त्याला उजेड दिसला तर गाडी दिवसाचे मंद दिवे लावते, अंधार दिसला तर पूर्ण हेडलाईट. बटण 'बंद'कडे फिरवले तर ते गाडी उभी असेपर्यंतच चालते, आणि पुढच्या वेळी किल्ली फिरवली की सगळे पहिल्यासारखे.

याची आम्हाला काही तकलीफ नव्हती. तकलीफ समोरच्या घराला झाली. तिथे एक पोर्तुगीज आजोबा राहतात. आम्ही मुंबईच्या खालच्या अंगाचे आहोत कळल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी 'मग गोवा!' म्हणून मिठी मारली होती. रत्नागिरी वेगळी, हे समजावण्याच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. एका नोव्हेंबरात ते दार वाजवून आले. टोपी हातात. म्हणाले, बायकोला जिने चढवत नाहीत, खाट आता खालच्या पुढच्या खोलीत आणली आहे. रात्रभर तिला झोप नसते, पहाटे जरा डोळा लागतो. आणि पहाटे तुमची गाडी... पुढे ते बोलले नाहीत. आम्हीच म्हटले, बघतो.

आम्ही साडेपाचला निघतो. फजर कामावर पोहोचून पढायची. हिवाळ्यात काचेवरचा बर्फ खरवडायला आणि इंजिन गरम व्हायला दहा-पंधरा मिनिटे जातात. तेवढा वेळ दोन्ही हेडलाईट थेट त्या खिडकीत. गाडी उलटी लावा, असे तुम्ही म्हणाल. भाभींनीही तेच सुचवले. पण आमची सगळी हत्यारे मागच्या हौद्यात. त्याचे फाळके गॅरेजच्या दाराला टेकवून गाडी लावली तरच ते कोणाला उघडता येत नाही. या धंद्यात हत्यारे गेली की महिना गेला.

धाकट्याने पहिल्यांदा त्या डोळ्यावर काळी चिकटपट्टी लावली. परिणाम उलटा! डोळा झाकला म्हणजे गाडीला वाटते रात्र झाली. भर दुपारी हेडलाईट जळत राहिले. मग अम्मीने गावाहून दिलेली गोधडी रोज बोनेटवरून पुढे सोडायला लागलो. उजेड अडला, पण चौथ्या दिवशी बर्फ पडून ती पापडासारखी कडक झाली आणि घडीच होईना.

मधला म्हणाला, वायर तोडू. जुन्या गाडीत ते कठीण नसते. दिवसाच्या दिव्यांचा फ्यूज किंवा रिले काढला की काम झाले. नव्या गाड्यांत सगळे कॉम्प्युटरच्या पेटीकडे असते, तिथे हात घातला तर आणखी काय बंद पडेल सांगता येत नाही. त्याचा मुद्दा सरळ होता: शेजाऱ्याचा हक्क आहे, आणि आपण शब्द दिला आहे. दिवसा दिवे नसले म्हणून अब्बांनी काय कमी गाडी चालवली?

भाईजान तयार होईनात. आल्यावर सुरुवातीची काही वर्षे त्यांनी टॅक्सी चालवली. चारशे एक नंबरच्या हायवेवर धुक्यात पुढची गाडी त्यांना अगदी अंगावर आल्यावर दिसली होती. तिचे पुढचे दिवसाचे दिवे चालू होते आणि मागे मिट्ट काळोख. समोर उजेड आणि डॅशबोर्डही उजळलेला, त्यामुळे त्या ड्रायव्हरला वाटत होते की सगळेच दिवे लागले आहेत. अशा गाड्यांना इथे भुताच्या गाड्या म्हणतात. त्या इतक्या झाल्या, की सप्टेंबर २०२१ पासून नव्या गाड्यांना नियमच आला: एकतर मागचे दिवेही लागावेत, किंवा अंधारात सगळे आपोआप लागावेत, नाहीतर डॅशबोर्ड काळा राहावा, म्हणजे ड्रायव्हरला कळेल. भाईजान म्हणाले, 'हक्क त्या आजींचा आहे, तसाच रस्त्यावर मागून येणाऱ्याचाही आहे. त्याला तर आपण ओळखतही नाही.'

दोन दिवस घरात अबोला. दोघेही खरे बोलत होते.

वाट निघाली ती गाडीच्या पुस्तिकेतून. हॅण्डब्रेक ओढलेला असेल तर दिवसाचे दिवे लागत नाहीत, असे एका ओळीत लिहिले होते. गाडी उभी आहे, मग कोणाला दिसायचे? आणि अंधारातल्या हेडलाईटसाठी ते बटण होतेच, उभ्या गाडीत चालणारे. म्हणजे आधी ब्रेक, मग किल्ली, त्याच वेळी दुसऱ्या हाताने बटण. एक लुकलुक होते, डिपरएवढी, आणि अंधार. बर्फ खरवडायला हातातली बॅटरी. गियर पडला की सगळे दिवे, पुढचे-मागचे, पूर्ववत. वायर शाबूत.

हे आम्ही तिघांनी हिवाळाभर केले. मधला कुरकुरला, कारण बॅटरी त्याच्या हातात असायची. फेब्रुवारीत आजी वारल्या. आम्ही मातीला गेलो, भाभींनी तीन दिवस समोर जेवण पाठवले. पुढे एकदा आजोबा म्हणाले, आता दिवे लावत चला, मी तसाही जागाच असतो. आम्ही मान हलवली. ब्रेक ओढायची सवय मात्र राहिली.

आता गाडी थकली आहे. गेल्या महिन्यात नवी बघायला गेलो. विक्रेता पडद्याविषयी, कॅमेऱ्यांविषयी, गरम होणाऱ्या सीटविषयी सांगत होता. भाईजानांनी त्याला मध्येच थांबवून विचारले, ब्रेक ओढून गाडी चालू केली तर दिवे बंद राहतात का? तो जरा गडबडला. म्हणाला, विचारून सांगतो. अजून त्याचा फोन आलेला नाही.