दुकानातील निवड समिती

गेल्या मे महिन्यात थोरल्या बंधूंचा निरोप आला. "एक निर्णय घ्यायचा आहे, दोन दिवस ये," एवढेच ते फोनवर बोलले. निवृत्तीनंतर मला वेळेची कमतरता नाही. शाळेला सुट्टी लागली होती, म्हणून नातवालाही सोबत घेतले आणि सकाळच्या कसारा गाडीने आम्ही आसनगावला उतरलो. मोटाभाई स्वतः मोटार घेऊन स्टेशनवर आले होते. त्यांच्याबरोबर त्यांचाही नातू होता. दोघे मुलगे मागच्या आसनावर बसले आणि स्टेशन मागे पडण्याच्या आतच त्यांचे भांडण जुंपले.

विषय बास्केटबॉलचा होता. माझा नातू ठाण्याच्या शाळेत तो खेळ खेळतो. त्याच्या मते मायकेल जॉर्डन हा सर्वश्रेष्ठ, कारण सहा अजिंक्यपदे. दुसऱ्याच्या मते लेब्रॉन जेम्स. अजिंक्यपदे चारच असतील, पण २०२३ साली त्याने करीम अब्दुल-जब्बारचा ३८,३८७ गुणांचा उच्चांक मोडला आणि आजही तो खेळतोच आहे. आकड्यांवर आकडे येऊन आदळत होते. मी बँकेत पस्तीसहून अधिक वर्षे काढली आहेत. आकडे फेकणाऱ्यांचे मला नवल वाटत नाही. परंतु बोलता बोलता माझ्या नातवाने एक गोष्ट सांगितली आणि माझे कान टवकारले.

१९८४ साली अमेरिकेतील व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडले, तेव्हा पोर्टलंडच्या संघाला दुसऱ्या क्रमांकाची निवड करण्याचा हक्क होता. जॉर्डन उपलब्ध होता. पोर्टलंडने त्याला न घेता सॅम बोवी नावाचा उंच खेळाडू घेतला. तिसऱ्या क्रमांकावर शिकागोने जॉर्डनला उचलले. बोवी पायाच्या दुखापतींनी बेजार झाला आणि पोर्टलंडची ती निवड आजतागायत थट्टेचा विषय आहे. "किती मूर्ख माणसे असतील ना आजोबा?" नातू म्हणाला. मी विचारले, "पण त्यांनी असे का केले?" तो जरा थांबला आणि म्हणाला, "त्यांच्याकडे जॉर्डनच्या जागेवर खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर आदल्याच वर्षी आला होता. त्यांना मधल्या जागेसाठी उंच माणूस हवा होता."

म्हणजे जागा आधीच भरलेली होती. पुढे बसलेल्या मोटाभाईंनी माझ्याकडे पाहिले. मला वाटते, आम्हा दोघांच्याही डोळ्यांसमोर त्या क्षणी एकच चेहरा आला असावा. तो अर्थात जॉर्डनचा नव्हता.

मोटाभाईंनी गाडी शहापुरातील घराकडे न नेता भातसानगरच्या रस्त्याला घातली. घरात बोलता येत नाही, भिंतींना कान असतात, हा त्यांचा जुना सिद्धान्त. वाटेत माहुलीचे सुळके दिसले. मुंबईला मिळणाऱ्या पाण्यात सर्वांत मोठा वाटा भातसा धरणाचा आहे, आणि उन्हाळ्यात शहापूर तालुक्यातील अनेक पाड्यांवर मात्र टँकर येतात. त्या दिवशीही एक टँकर आम्हाला आडवा गेला. असो.

वाचकांपैकी फारच थोड्यांना भातसानगर ठाऊक असेल. १९७० च्या दशकात धरणाचे काम जोरात सुरू असताना ही प्रकल्पाची वसाहत गजबजलेली होती. अभियंते, ओव्हरसियर, मिस्त्री, वेल्डर, ट्रकचालक, मजूर अशी सारी माणसे तेथे होती. बापूजींनी तेथे किराणा व भुसार मालाचे दुकान थाटले होते. पगाराच्या दिवशी वसुली आणि बाकीचे एकोणतीस दिवस उधारी, असा तो व्यवहार. गादीच्या मागे फळीवर रेडिओ होता, मुंबईचे वर्तमानपत्र दुपारपर्यंत पोहोचायचे, आणि संध्याकाळी पाळी सुटली की दुकानाच्या फळ्यांवर भारतीय क्रिकेटची निवड समिती भरायची. गोणीवर बसलेल्या सदस्यांना मानधन म्हणून शेंगदाणे मिळत. बापूजी ते लिहून ठेवत नसत. त्यांच्या दृष्टीने तो जाहिरातीचा खर्च होता.

या समितीपुढील कायमचा खटला एकच होता : पद्माकर शिवलकर की बिशनसिंग बेदी? दोघेही डावखुरे फिरकी गोलंदाज. बेदी १९६६ च्या शेवटच्या दिवशी सुरू झालेल्या कलकत्ता कसोटीपासून भारतीय संघात आले आणि तेथे पक्के बसले. शिवलकर मुंबईकडून खोऱ्याने बळी मिळवत होते आणि कसोटीच्या दाराबाहेर उभे होते.

१९७३ सालचा तो उन्हाळा मला लख्ख आठवतो. चेपॉकवर मुंबई विरुद्ध तामिळनाडू असा रणजी करंडकाचा अंतिम सामना होता. खेळपट्टी अशी की मुंबईचे डाव १५१ आणि ११३ धावांत आटोपले. पण तामिळनाडूने केल्या ८० आणि ६१. शिवलकरांचे पृथक्करण पहिल्या डावात १६ धावांत ८ बळी आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५. मुंबईने सलग पंधराव्यांदा करंडक जिंकला. वर्तमानपत्रातील तो धावफलक एका मिस्त्रींनी कापून आमच्या तराजूच्या वरच्या खांबाला गोंदाने चिकटवला. पुढे कित्येक महिने ज्वारी तोलताना गिऱ्हाईक आधी काटा पाहायचे आणि मग तो धावफलक.

"आणि तरीही हा माणूस कसोटीत नाही! कर्णधार आपल्या मुंबईचा वाडेकर, तरी नाही!" मिस्त्रींचा आवाज चढायचा. त्यांना उत्तर द्यायचे मोटाभाई. ते पक्के बेदीवाले. मी अर्थातच शिवलकरांच्या बाजूला. पाच वर्षांनी धाकटा असलेला भाऊ थोरल्याच्या बाजूने कसा असेल?

एक मुद्दा मी मोठ्या हिरिरीने मांडत असे. दोन डावखुरे फिरकी गोलंदाज एकाच संघात का चालू नयेत? बापू नाडकर्णी आणि सलीम दुराणी एकत्र खेळलेच होते ना! मोटाभाई शांतपणे म्हणायचे, "ते दोघे फलंदाजीही करायचे. तुझा शिवलकर किती धावा करतो?" त्यावर माझ्याकडे उत्तर नसायचे. प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन असताना चौथी फिरकीची जागा होती एक, आणि ती बेदींनी कमावलेली होती.

आज सेवानिवृत्त अधिकाऱ्याच्या नजरेने मी हे हिशेब पुन्हा तपासले आहेत. शिवलकर : प्रथम श्रेणीचे १२४ सामने, ५८९ बळी, सरासरी १९.६९. बेदी : प्रथम श्रेणीत १,५६० बळी, सरासरी २१.६९. नुसती सरासरी पाहून कर्ज मंजूर करणारा अधिकारी मी कधीच नव्हतो, म्हणून पुढचा रकानाही वाचतो. बेदींच्या त्या बळींत ६७ कसोटींतील २६६ बळी आहेत, आणि ते परदेशांतील मैदानांवर जगातील उत्तम फलंदाजांविरुद्धही मिळवलेले आहेत. शिवलकरांचा ताळेबंद स्वच्छ आहे. पण त्यांची परीक्षा ज्या बाजारात व्हायला हवी होती तो बाजार त्यांना दाखवलाच गेला नाही. तेव्हा श्रेष्ठ कोण, याचा निकाल या कागदपत्रांवरून लागत नाही. मोटाभाईंना हे मान्य नाही. ते अजूनही बेदींचेच नाव घेतात.

आता १९७४ ची दिवाळी. दरवर्षी लक्ष्मीपूजनाला लाल बांधणीच्या नव्या चोपड्याच्या पहिल्या पानावर 'श्री' आणि शुभ-लाभ लिहावयाचे असे. माझे अक्षर चांगले, म्हणून सलग तीन वर्षे बापूजींनी तो मान मला दिला होता. रोजमेळ मी मोटाभाईंपेक्षा लवकर जुळवत असे. खतावणीतली चूक मी उभ्या उभ्या काढत असे. मी मॅट्रिक होऊन कल्याणच्या कॉलेजात जाऊ लागलो होतो, तरी दुकान आपलेच, असे मी मनाशी धरून चाललो होतो. त्या रात्री बापूजींनी दौत-लेखणी उचलली आणि काही न बोलता मोटाभाईंच्या हातात दिली. सर्वांना अर्थ समजला. गादी एक होती, ती दिली गेली. मी आरतीला टाळ्या वाजवल्या.

काही दिवसांनी बंगलोरला वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी सुरू झाली. इंग्लंड दौऱ्यातील एका दूरचित्रवाणी मुलाखतीवरून मंडळाने बेदींना शिस्तभंगासाठी वगळले होते. आठ वर्षांत प्रथमच ती खुर्ची अशी रिकामी दिसत होती! दुकानात सण साजरा व्हावा असे वातावरण होते. निवडलेल्या चमूत नाव होते हरियाणाच्या राजिंदर गोयल यांचे. तेही डावखुरे, तेही शिवलकरांसारखेच दाराबाहेर ताटकळलेले. मिस्त्री हिरमुसले, तरी म्हणाले, "चला, दोघांपैकी एकाला तरी." पण अंतिम अकरांत गोयलही नव्हते. तिन्ही ऑफ आणि लेग फिरकीवाले खेळले, गोयल बाहेर बसले, भारत २६७ धावांनी हरला आणि पुढच्या दिल्ली कसोटीत बेदी परतले. गोयलांनी पुढे रणजी स्पर्धेत ६३७ बळींचा विक्रम केला. कसोटी एकही नाही. त्या संध्याकाळी मी जो काही संतापलो, तो संताप गोयलांसाठी होता असे सगळ्यांना वाटले. बापूजींनी मात्र चष्म्यावरून माझ्याकडे एकदा पाहिल्याचे स्मरते.

१९७९ मध्ये बेदींची कारकीर्द संपली तेव्हा शिवलकर एकोणचाळीस वर्षांचे होते. जागा दिलीप दोशींना मिळाली. तेही तिशी ओलांडलेले, तरी त्यांनी ११४ बळी घेऊन दाखवले. सुनील गावसकरांनी 'आयडॉल्स' या पुस्तकात गोयल आणि शिवलकर या दोघांना आपल्या आदर्शांत स्थान दिले, आणि २०१७ मध्ये मंडळाने दोघांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. दोघांचे नाव एकत्र यावे, हे मला उचित वाटले. शिवलकर ३ मार्च २०२५ रोजी मुंबईत निवर्तले. ती बातमी वाचून मी मोटाभाईंना फोन केला होता. "तुझा माणूस गेला," ते म्हणाले. नंतर बराच वेळ दोघेही काही बोललो नाही.

भातसानगरला पोहोचलो तेव्हा ऊन चढले होते. धरण पूर्ण झाल्यावर वसाहत ओसरत गेली आणि आमचे दुकानही फार पूर्वीच शहापूरला हलले. जुन्या गाळ्याच्या ओट्यावर आम्ही बसलो. मुले झाडाखाली भांडत होती.

मोटाभाईंनी विषय काढला. त्यांचे दोन मुलगे. थोरला वीस वर्षे गादीवर आहे, प्रामाणिक आहे, दुकान उघडण्याची वेळ त्याने कधी चुकवली नाही. धाकट्याने घाऊक व्यापार वाढवला, नवे पुरवठादार जोडले, जीएसटीची सारी कामे तोच पाहतो. फर्मची सही आता एकाकडे द्यायची आहे. "धाकट्याला द्यावी असे माझ्या मनात आहे," ते म्हणाले. "पण थोरल्याला ते तू सांग. तू बँकेतला माणूस, तुझे तो ऐकेल."

मी त्यांना उत्तर देण्याऐवजी पन्नास वर्षांपूर्वीचा प्रश्न विचारला. "मोटाभाई, बापूजींनी त्या दिवाळीला लेखणी तुम्हाला का दिली?"

ते चकित झाले. "तुला ती हवी होती?"

"हवी होती म्हणजे? रोजमेळ कोण जुळवायचं?"

"अरे, त्या रात्री मला झोप नाही लागली," ते म्हणाले. "तू कॉलेजात, पुढे पगारदार होणार, गावोगाव फिरणार. माझं मॅट्रिकचं गणित राहिलेलं. बापूजींनी दुकान मला दिलं, की मला दुकानात ठेवलं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही."

मी एम. कॉम. झालो, अधिकारी झालो, अकरा बदल्या भोगल्या. आणि प्रत्येक गावी नव्या टेबलाशी बसताना आपल्याला वगळले गेले हा काटा बरोबर होता. तोच काटा त्यांच्या गादीखालीही होता, हे मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी समजले.

"तर मग थोरल्याला मी नाही सांगणार," मी म्हणालो. "तुम्ही सांगायचं. समोर बसवून, कारणासकट."

"त्याला कारण पटलं नाही तर?"

"नाहीच पटणार. मिस्त्रींना कधी पटलं होतं का? पण त्याला ते माहीत तरी असू दे."

त्या रात्री दुकान वाढवल्यावर मोटाभाईंनी दोघा मुलांना थांबवून घेतले. मी घरीच राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ठरल्या वेळी शटर थोरल्यानेच उघडले, पण तो गादीवर बसला नाही; काट्याजवळ उभा राहून माल तोलत होता. (हे लिहिण्यापूर्वी मी दोन्ही पुतण्यांना विचारले आहे. थोरला म्हणाला, "लिहा काका, फक्त दुकानाचं नाव नको.")

दुपारी आम्हाला आसनगावला सोडायला तोच आला. वाटेत बोलला नाही. स्टेशनवर त्याने आमची पिशवी उतरवली, माझ्या पाया पडला. माझ्या नातवाने त्याला विचारले, "काका, तुम्ही सांगा, जॉर्डन की लेब्रॉन?"

"मला त्यातलं कळत नाही रे," तो म्हणाला. मग थोडे थांबून त्याने विचारले, "तो दुसरा कोण, ज्याला जॉर्डनच्या आधी घेतलं? त्याचं पुढं काय झालं?"

नातू त्याला ते सांगत असतानाच गाडी आली.