घरातल्या घरात हरवलेला मोदक

घरात उंदीर शिरला तर काय करावं, हे सांगणारे पावलोपावली भेटतात. पण पाळलेला उंदीर घरातल्या घरात हरवला तर? आमच्या मुलुंडच्या दोन खोल्यांत गेल्या पावसाळ्यात हाच प्रश्न उभा राहिला.

मोदक हा माझ्या नऊ वर्षांच्या लेकीचा पांढराशुभ्र उंदीर. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, म्हणून कुरतडणं ही त्याची गरजच. पिंजऱ्याच्या प्लास्टिकच्या तळाला रातोरात भोक पाडून स्वारी पसार झाली.

"गणपतीचं वाहन ते, जाईल कुठं? भूक लागली की येईल," सासूबाई म्हणाल्या. माझ्या पोटात मात्र गोळा आला. गटारातले उंदीर वर येतात म्हणून ह्यांनी फ्रिजमागे आणि सिलिंडरच्या आड विषाच्या चार वड्या ठेवल्या होत्या. त्या आधी उचलल्या. चारही मिळाल्या, पण एकीची कड कुरतडलेली होती.

वडीत ब्रोमाडायोलोन होतं. त्यानं रक्त गोठेनासं होतं, आणि परिणाम दिसायला दोन-तीन दिवस जातात. प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन केला. "के-1 जीवनसत्त्व हा त्यावर उतारा आहे, पण रक्तस्राव सुरू होण्याआधी द्यायला हवा. लवकर शोधा," ते म्हणाले. लेक दाराआडून ऐकत होती. "आई, मोदकनं खाल्लं असेल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग शोध सुरू झाला. धावाधाव केली तर उंदीर आणखी आत दडतो. म्हणून दारांच्या फटींत जुनी लुगडी कोंबली, दोन्ही खोल्यांत मोजून पाच-पाच शेंगदाणे ठेवले आणि भिंतीकडेनं गव्हाच्या पिठाचा पातळ थर पसरला. उंदराची नजर अधू असते. मिशांनी चाचपत तो भिंतीच्या कडेनंच चालतो, आणि फिरतो रात्री.

सकाळी स्वयंपाकघरातले दाणे जसेच्या तसे होते. आतल्या खोलीत मात्र दोनच उरले होते. पिठात पुढची चार बोटांची, मागची पाच बोटांची पावलं आणि मधून शेपटीची रेघ, थेट शिलाई मशीनपर्यंत.

खोलीत अंधार केला. लेकीनं पिंजऱ्यातलं त्याचं फडकं जमिनीवर ठेवलं, त्यावर हात पसरला आणि दाण्यांचा डबा हलवला. रोज जेवणाच्या वेळी हलवते तसाच. बराच वेळ काहीच नाही. मग मशीनच्या खणामागून गुलाबी नाक बाहेर आलं. "शेपटी धरू नकोस, कातडी सोलून निघते," मी कुजबुजले. तिनं ओंजळ पुढे केली. मोदक आपणहून तिच्या बाहीत शिरला.

वडी कुणी कुरतडली, ते कळलं नाही. डॉक्टरांनी धोका पत्करला नाही. काही आठवडे के-1 दिलं, मोदक ठणठणीत राहिला. मुंबईच्या गटारातला तपकिरी उंदीर आणि हा पांढरा एकाच जातीचे, हे त्यांनीच लेकीला सांगितलं. परतताना रिक्षात ती म्हणाली, "मग ती वडी दुसऱ्या उंदरानं खाल्ली असेल तर त्याला औषध कोण देणार?"

पुढच्या रविवारी ह्यांनी मोरीच्या तोंडाला बारीक तारेची जाळी बसवली आणि भिंतीतली भोकं सिमेंटनं बुजवली. वड्या पुन्हा घरात आल्या नाहीत.