चांदणी आणि मधली सुट्टी

आज शिक्षकसभेत पुन्हा तोच विषय निघाला. शांत बसणाऱ्याला तक्त्यावर चांदणी, गोंधळ घालणाऱ्याची मधली सुट्टी बंद. मला हे पटत नाही. का, ते नीट लिहून काढते.

छडी गेली, उत्तमच झालं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली. चारचौघांत केलेला पाणउतारा मुलाला छडीइतकाच लागतो.

बक्षिसाचं गणित अधिक अवघड. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी संशोधकांनी चित्रांची आवड असलेल्या बालवाडीतल्या काही मुलांना प्रमाणपत्र कबूल केलं. पुढे मोकळ्या वेळात त्या मुलांचा चित्रांतला रस कमी झालेला दिसला. ज्यांना ते अवचित मिळालं, त्यांची आवड टिकली. म्हणजे दोष कौतुकाचा नाही, आधी ठरलेल्या सौद्याचा आहे. भावनगरच्या बालमंदिरात गिजुभाई बधेकांनी तर बक्षीस आणि शिक्षा दोन्ही नाकारली होती.

परिणाम हवेतच, पण चुकीशी जोडलेले. पाणी सांडलं, तर फडकं घेऊन पुसावं. कुणाचं पुस्तक फाडलं, तर बसून चिकटवून द्यावं. सुट्टी कापून हे शिकवता येत नाही. उलट ज्याला धावण्याची सर्वांत जास्त गरज, त्याचंच धावणं थांबतं.

आणि कौतुक नेमकं असावं: ‘तू पेन्सिल दिलीस, म्हणून तिचं गणित पूर्ण झालं.’ आपल्या वागण्यानं दुसऱ्याचं भलं झालं, हे मुलाला कळायला हवं. उद्या मुख्याध्यापकांपुढे हेच मांडणार आहे.